सोलापूरहून रेसट्रॅकवर शिकायला जायचंय: आधी काय करावं, काय करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २८, राहायला विजापूर रोडला, पाच वर्षं जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक. हायवेवर हात चांगला बसलाय असं मित्र म्हणतात. आता रेसट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर शिकायचंय. कोणत्या ट्रॅकवर जावं, स्वतःची गाडी न्यावी की शाळेची घ्यावी, नेण्याआधी रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), एक्झॉस्ट आणि लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे) करून घ्यावेत का, आणि वडील नको म्हणतायत त्यांना काय सांगावं?

मी काही वर्षं सर्किटवर गाडी चालवली आणि त्यानंतर बराच काळ नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शिकवलं. आता अक्कलकोट रोडला वर्कशॉप आहे. रीमॅप आणि स्प्रिंग बसवून घ्यायला येणारी मंडळी रोज भेटतात, म्हणून तुमच्या प्रश्नातला तो भाग वाचून हसू आलं. माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो: पहिल्या ट्रॅक दिवसाआधी गाडीत ताकद वाढवणारं काहीही करू नका. त्याच पैशात शाळेचा आणखी एक दिवस घ्या.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. तुम्ही गाडी तयार आहे का ते विचारताय, पण हायवेवर बसलेला हात ट्रॅकवर किती उपयोगी पडेल हे विचारलेलं नाही. उत्तर असं की थोडाच पडतो, आणि काही सवयी तर चक्क आडव्या येतात. हैदराबाद रोडवर उत्तम चालवणारा माणूस म्हणजे पुढच्या ट्रकच्या मनात काय आहे हे ओळखणारा माणूस. ते कसब मोठंच आहे, पण त्यात टायरच्या पकडीचा लहानसा भागच वापरला जातो. ट्रॅकवर उरलेला भाग वापरायला शिकवतात. तिथे एक हात गिअरवर ठेवून, सीट मागे टाकून बसणारा माणूस पहिल्या दोन वळणांतच स्टिअरिंगला लोंबकळायला लागतो.

म्हणून बसण्यापासून सुरुवात. पाठ आणि खांदे सीटला टेकलेले असताना हात सरळ पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. हे आजपासून घरच्या गाडीत करता येतं, फुकट आहे, आणि शाळेतला पहिला अर्धा तास वाचवतं.

आता ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जायचा.

रस्त्यावर आपण ब्रेक हळू सुरू करतो आणि गाडी थांबत आली की जोर वाढवतो. ट्रॅकवर याच्या बरोबर उलट. सुरुवातीला, गाडी सरळ असताना आणि वेग सर्वांत जास्त असताना, पूर्ण जोर. मग वळण जवळ येईल तसा पाय हळूहळू सैल. कारण साधं आहे: वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते. कोरड्या डांबरावर बऱ्या रोड टायरची पकड गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट धरली, तर १०० च्या वेगावरून थांबायला साधारण ४४ मीटर लागतात आणि १४० वरून साधारण ८६. वेग दीडपटही वाढलेला नाही, अंतर मात्र जवळपास दुप्पट. म्हणून 'थोडा उशिरा ब्रेक मारला' हे वाक्य १०० ला जितकं स्वस्त असतं तितकं १४० ला नसतं.

पहिल्यांदा ब्रेकचा सराव घेतला की बहुतेक सगळे ABS (चाकं अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) चालू होण्याइतका जोर लावतच नाहीत. लावलाच, तर पेडल पायाखाली थरथरतं आणि घाबरून पाय उचलतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा आपलं काम करतेय, पाय तिथेच ठेवायचा. हे वाचून कळतं, पण पायाला कळायला ते बऱ्याच वेळा करावं लागतं. चांगली शाळा त्यासाठी सकाळीच मोकळ्या पट्ट्यावर कोन (खुणेचे शंकू) लावून वेगळा सराव घेते. जी शाळा हा भाग गाळून थेट लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारायला सोडते, तिथे मी माझ्या भाच्याला पाठवणार नाही.

ब्रेक आणि वळण यांचा हिशेब एकाच पकडीतून होतो. महिन्याचा पगार ठरलेला असतो, भाडं जास्त दिलं की किराण्याला कमी उरतं, तसंच. टायर सगळी पकड ब्रेकला देत असेल तर वळायला काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे पुढच्या चाकांवर चालणारी तुमची गाडी जोरात वळणात घातली की नाक बाहेर सरकतं. त्यावर आपण स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि गोष्ट आणखी बिघडते. वेग कमी करणं आणि स्टिअरिंग थोडं सैल सोडणं, हा त्यावरचा उपाय.

याहून धोक्याची गोष्ट दुसरी. वळणाच्या मधोमध 'जरा जास्तच झालं' असं वाटून ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलणं. भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी मागून फिरते. घरच्या हॅचबॅकमध्ये असं होत नाही असा अनेकांचा समज असतो, कारण रस्त्यावर त्यांनी कधी तेवढ्या वेगात वळण घेतलेलंच नसतं. पाय स्थिर ठेवायचा, नजर बाहेर पडण्याच्या दिशेला ठेवायची, हाच धडा. आणि दोन चाकं ट्रॅकबाहेर गेलीच, तर स्टिअरिंग हिसडून परत यायचं नाही. सरळ करून बाहेर जायचं, वेग उतरवायचा, मागून कोणी येत नाही हे पाहून सावकाश परतायचं. बाहेर मोकळी जागा त्याचसाठी ठेवलेली असते.

लाइनबद्दल, म्हणजे वळणातून गाडी कुठून न्यायची याबद्दल, सगळे खूप बोलतात, मी थोडक्यात उरकतो. बाहेरून आत आणि परत बाहेर जाण्याने वळणाची त्रिज्या मोठी होते. ५० मीटर त्रिज्येचं वळण वरच्याच पकडीत साधारण ७६ च्या वेगाने निघतं. लाइन सुधारून ती त्रिज्या ६० मीटर केली तर ८३ ने. इंजिनाला हात न लावता मिळालेला हा वेग आहे. नवशिक्याने आतलं टोक, म्हणजे एपेक्स, थोडं उशिराच धरावं. म्हणजे बाहेर पडताना ट्रॅक संपत नाही. नजर कोनावर खिळवू नका. एपेक्स दिसला की नजर पुढच्या जागी गेली पाहिजे. शेजारी बसून मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द 'बघा' हाच असेल. हील-अँड-टोचं (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबून गिअर उतरवण्याचं) नाव पहिल्या दिवशी काढू नका.

आता कुठे जायचं. हे तुमच्या खिशावर आणि सुट्टीवर अवलंबून आहे, म्हणून एकच उत्तर देत नाही, पण माझा क्रम सांगतो.

आधी कोल्हापूर. तिथे मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. पंढरपूर किंवा सांगोल्याकडून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, साध्या भाड्याच्या कार्टला ब्रेकही मागच्या बाजूलाच. त्यामुळे गिअर, ABS, ब्रेक मारल्यावर पुढे येणारा भार यातलं फारसं तिथे शिकायला मिळत नाही. पण नजर, लाइन, आणि आपण चुकलो की वेळ किती वाढते हा हिशेब मिळतो, तोही कमी पैशात. शिवाय वळणांत तासभर घालवल्यावर मान आणि दंड किती दुखतात हेही कळतं. तिथे मन रमलं नाही तर चेन्नईचं तिकीट काढूच नका.

त्यानंतर दक्षिणेत. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे २००३ पासून आहे, साधारण २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन या रेसिंग गाड्या घडवणाऱ्या माणसाच्या नावाचा हा ट्रॅक. त्यांच्याच परंपरेमुळे त्या शहरात एकआसनी फॉर्म्युला गाड्या बांधणारे आणि चालवणारे तयार झाले. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयनही तिथलाच. ट्रॅक लहान असल्यामुळे एकाच सत्रात तीच वळणं पुन्हा पुन्हा येतात, आणि नवशिक्याला ते सोयीचं पडतं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदुरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे, ३.७ किलोमीटरचा, आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. तिथली वळणं वेगवान आहेत, शिकायला उत्तम, पण चुकीला थोडी कमी माफी. मोटरसायकलवाल्यांसाठी कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्गही या ट्रॅकवर झालेले आहेत. तुमचा प्रश्न गाडीचा आहे, पण सोलापुरातून बाइकवाले जास्त विचारतात म्हणून नोंदवून ठेवतो.

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५ किलोमीटरहून थोडा मोठा, २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली. पहिल्यांदा जायला मी सुचवणार नाही. सरळ पट्टा इतका लांब की साधी हॅचबॅकसुद्धा तिथे मोठा वेग पकडते, आणि त्या पट्ट्याच्या शेवटी वर लिहिलेला वेगाच्या वर्गाचा हिशेब समोर उभा राहतो.

सोलापूरकरांचं एक बरं आहे. मुंबई–चेन्नई रेल्वेमार्ग आपल्या स्टेशनातूनच जातो. रात्रीच्या गाडीत झोपून जा. गाडी चालवत नेलीत तर चेन्नई आठशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे दमलेल्या अंगाने शिकायचं आणि मग झिजलेल्या ब्रेक पॅडवर तेवढंच अंतर परत यायचं. इथेच दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आलं. पहिल्यांदा शाळेची गाडी घ्या. फी जास्त दिसेल, पण टायर, पॅड, डिझेल-पेट्रोल, टोल आणि परतीची धास्ती मोजलीत तर फरक फार उरत नाही. शिवाय दुसऱ्याच्या गाडीत माणूस शिकवणाऱ्याचं ऐकतो. स्वतःच्या गाडीत अर्धं लक्ष गाडीला काय होतंय याकडे असतं.

विम्याचा मुद्दा लोकांना ठाऊकच नसतो. तुमच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो. त्यात आयोजित शर्यत, वेगचाचणी वगैरे वापर वगळलेला असतो. पॉलिसी काढून तो परिच्छेद वाचा. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च तुमचा, असं धरूनच स्वतःची गाडी न्यायची. शाळेच्या गाडीलाही नुकसानभरपाईची अट असते. किती रकमेपर्यंत जबाबदारी आपली, हे सही करण्याआधी विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्वतःची गाडी न्याल, तेव्हा पैसे कुठे घालायचे तेही सांगतो. सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांवर उकळतं, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ट्रॅकवर काही लॅपमध्ये ऑइल तेवढं तापू शकतं. मग त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. गाडी घेतल्यापासून ते बदललेलं नसेल तर ट्रॅकचं राहू द्या, घाटात उतरण्यासाठी तरी बदला. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ चालतं. मग पॅड किती उरलेत ते पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी आपल्या उन्हाळ्यात पाच वर्षं काढलेला टायर कडक झालेला असतो. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरकतं. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. पायाखालची मॅट, बाटल्या, डिकीतली स्टेपनी, सगळं काढून ठेवा. लोअरिंग स्प्रिंगची गरज यात कुठेच आली नाही, हे पाहिलंत ना?

हेल्मेटबाबत शाळेला विचारा, बहुतेक ठिकाणी मिळतं. स्वतःचं घ्यायचं असेल आणि पुढे शर्यतीत उतरायचा विचार असेल, तर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए मानांकन घ्या. ते गाडीसाठीचं असतं, आतलं अस्तर आग न धरणारं. एम हे मोटरसायकलसाठीचं. बाकी पातळ तळाचे बंद बूट आणि सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. सिंथेटिक टीशर्ट आगीत अंगाला चिकटतो.

शाळेला फोन कराल तेव्हा 'किती लॅप देता' एवढंच विचारू नका. शिकवणारा शेजारी बसतो की फक्त पुढच्या गाडीतून मागे यायला सांगतो? एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? प्रत्यक्ष ट्रॅकवर किती मिनिटं? ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर पूर्ण वेळ असतात का? पाऊस आला तर काय? शेवटच्या प्रश्नाला 'तरीही घेतो' असं उत्तर आलं तर ती शाळा मला जास्त आवडेल. ओल्या ट्रॅकवर सगळं कमी वेगात घडतं आणि पायाचा प्रत्येक धसमुसळेपणा लगेच दिसतो. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा मोसमी पाऊस असतो, मे महिन्यात उकाडा असह्य. आपली गड्ड्याची जत्रा उरकली की जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

दिवसाची रचना साधारण सगळीकडे सारखी असते. सकाळी वर्ग, त्यात झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबण्याच्या जागेत) या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल दिसला तर तुमच्या गाडीतच काही बिघाड आहे. हे आदल्या रात्री पाठ करून जा. सत्रं साधारण १५-२० मिनिटांची असतात, आणि तेवढी पुरतात. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता गार करायचा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवणं बरं नाही.

एक निरीक्षण सांगून ठेवतो. गाड्या ट्रॅकबाहेर जातात त्या सकाळी कमी, जेवणानंतर जास्त. सकाळची भीती गेलेली असते, अंग दमलेलं असतं, पोट भरलेलं असतं आणि मित्राची वेळ दोन सेकंदांनी कमी आलेली असते. दुपारी हलकं खा, पाणी भरपूर प्या, आणि डोकं जड वाटलं तर एक सत्र सोडून द्या. त्या सत्रात पिटच्या भिंतीशी उभं राहून इतर लोक कुठे ब्रेक मारतात ते पाहा.

वडिलांचं म्हणाल, तर त्यांना 'काही होत नाही' असं सांगू नका. ते खरं नाही, तिथे सही करून घेतात तो कागद तेच सांगतो. खरं ते सांगा: समोरून वाहन येत नाही, आडवं जनावर येत नाही, प्रत्येक वळणावर झेंडा धरलेला माणूस असतो, ॲम्ब्युलन्स उभी असते, आणि तरीही धोका शून्य नाही. मग त्यांना विचारा की रात्री अकराला मित्रांसोबत बायपासवर जाणं त्यांना जास्त बरं वाटेल का. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. मी शिकवलेले अनेक जण ट्रॅकवरून परतल्यावर रस्त्यावर हळू चालवायला लागले, कारण १४० वरून गाडी थांबायला किती जागा खाते हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. सगळेच नाही, अनेक.

शर्यतीत उतरायचं झालं तर देशात या खेळाची मान्यताप्राप्त संस्था एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया), लायसन्स तीच देते. शाळेच्या शिकाऊ दिवसाला साधारणपणे ते लागत नाही, पण शाळेचं प्रमाणपत्र पुढे कामाला येतं, तेव्हा ते जपून ठेवा. मातीवरची ऑटोक्रॉस किंवा रॅली आवडणार असेल तर नाशिकला तिची जुनी परंपरा आहे. ते वेगळंच शास्त्र, त्याबद्दल वेगळं विचारा.

तर आधी एखाद्या रविवारी कोल्हापूर, मग कोइम्बतूर किंवा चेन्नईला शाळेच्या गाडीत एक-दोन दिवस, आणि स्वतःची गाडी त्यानंतर. परतीचं तिकीट मात्र त्याच रात्रीचं काढू नका. संध्याकाळी शिकवणाऱ्यासोबत बसून दिवसभरात काय झालं ते लिहून काढायला निवांत वेळ हवा, आणि अंगही इतकं आंबलेलं असतं की वरच्या बर्थवर चढवत नाही.